दुधाची वाटी आणि मांजरीचा हक्क

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका स्त्रीचा वृत्तान्त सांगितला आहे. तिने एक मांजर कोंडून ठेवले, ते उपासमारीने मेले आणि त्यापायी ती नरकाग्नीची धनी झाली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आपण ती पुष्कळदा ऐकतो आणि ऐकताना मनाशी म्हणतो, 'मी काही इतका निर्दय नाही.' मीही अनेक वर्षे असेच म्हणत होतो.

इंदापूर तालुक्यातील ज्या मशिदीत मी इमामत करतो, तेथे काही वर्षांपूर्वी मांजरीचे एक पिल्लू आले. मकतबच्या मुलांनी त्याला लळा लावला. मोठी झाल्यावर ती उंदीर मारून नमाजच्या सफीवर आणून टाकू लागली, तेव्हा पाकीच्या विचाराने मी तिला मागच्या खोलीत ठेवू लागलो. उपाशी मात्र कधी ठेवले नाही. सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली चपाती. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात घरोघर दुभती जनावरे आहेत. माया मोजण्याचे आमचे माप म्हणजे दूध. दोनएक वर्षांनी एका मुलाने सांगितले, "हजरत, मनी दाराच्या चौकटीला धडकते."

पशुवैद्यांनी तिच्या डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिले आणि विचारले, "खायला काय देता?" मी समाधानाने दूध-चपाती सांगितली. ते म्हणाले, "मौलाना, तुम्ही मांजराला वासरासारखे सांभाळलेत." तिच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजला होता. गेलेली दृष्टी आता परत येणार नव्हती.

नंतर या विषयावर मिळेल ते वाचले. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांस, मासे, काळीज यांत असते; धान्यात ते नसते आणि गाईच्या दुधात अगदी थोडे असते. मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याचे शरीर सर्वसाधारणपणे टॉरिन स्वतः तयार करते, आणि माणसाच्या सोबतीत पिष्टमय अन्न पचवण्याची त्याची शक्ती लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली, असे 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. आमच्याकडच्या धनगरांचा कुत्रा भाकरीवर राखण करतो. मांजर मात्र भाकरीच्या घरात राहूनही शिकारीच राहिले आहे.

हे ज्ञान कसे मिळाले, हेही पाहिले पाहिजे. 1975 साली अमेरिकेतील हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांना दुधातील केसीन या प्रथिनावर ठेवले. टॉरिनअभावी त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजले. पुढे 1987 साली पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बाजारातील तयार खाद्यावर वाढलेल्या अनेक मांजरांचे हृदय याच उणिवेने दुबळे होत होते आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारत होते. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातील टॉरिन वाढवले आणि असंख्य मांजरे वाचली.

येथे प्रश्न उभा राहतो. त्या स्त्रीनेही मांजर कोंडले आणि संशोधकांनीही कोंडले. मग दोघांत फरक काय? हेतूचा फरक आहे, हे उघड आहे, आणि कर्मांचा आधार हेतूच असतो. त्या संशोधनाचा लाभ त्याच जातीच्या जिवांना मिळाला, हेही खरे. तरीही चांगला हेतू सर्व काही हलाल करीत नाही. गरजेपोटी मिळालेली मुभा गरजेपुरतीच असते, हा फिकहचा नियम आहे. जे आजारी मांजरांवर उपचार करता करता कळू शकते, ते निरोगी मांजराला आंधळे करून शिकणे मला योग्य वाटत नाही. हृदयविकाराच्या शोधात दवाखान्यात आलेल्या आजारी मांजरांनीच मोठी वाट दाखवली होती.

परंतु संशोधकांना जाब विचारण्यापूर्वी मी स्वतःला विचारले. त्यांनी निदान पाहिले, नोंदवले आणि जगाला सांगितले. माझ्या खोलीत तेच घडत होते आणि मी पाहतही नव्हतो. कित्येक जिवांच्या डोळ्यांची किंमत देऊन मिळालेले ज्ञान जगात उपलब्ध असताना ते जाणून न घेणे, ही त्या जिवांचीही उपेक्षा नव्हे काय?

तेव्हा ती हदीस मी पुन्हा उघडली. तिच्या शब्दांकडे इतकी वर्षे माझे लक्षच गेले नव्हते. त्या स्त्रीवर दोन आरोप आहेत: तिने मांजराला खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे जीवजंतू खाण्यासाठी त्याला मोकळेही सोडले नाही. म्हणजे मांजराचे स्वतःचे अन्न कोणते, हे हदीसमध्येच सांगितले आहे. निर्मात्याने तिच्यासाठी जमिनीवर वाढून ठेवलेले ताट मी दार लावून बंद केले आणि बदल्यात माझ्या आवडीची वाटी पुढे ठेवली.

मदरशात 'हिदाया' शिकताना जनावरांच्या पोटगीचा मसला आम्ही वाचला होता. काजीने मालकाला त्यासाठी भाग पाडावे की नाही, याविषयी इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ यांच्यात मतभेद आहे. अल्लाहसमोर मालक जबाबदार आहे, याविषयी नाही. शाफिई विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू हि. 660, इ.स. 1262) यांनी 'कवाइदुल अहकाम'मध्ये जनावरांचे हक्क सांगताना पहिला हक्क हाच सांगितला की त्याच्यासारख्या जनावराला जे लागते ते त्याला द्यावे, मग ते म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरीही. 'त्याच्यासारख्याला जे लागते' या शब्दांत सारे आले. घास देणाऱ्याच्या आवडीवरून ठरत नाही, खाणाऱ्याच्या फितरतवरून ठरतो. म्हणून दया पुरेशी नाही. दयेला इल्मची जोड हवी.

आता मनीसाठी भिगवणच्या बाजारातून चिलापीचे तुकडे येतात. मीठ-मसाला आणि कांदा न घालता ते शिजवतो आणि शिजवलेले पाणीही तिला देतो, कारण टॉरिन पाण्यात उतरते. पशुवैद्यांनी दिलेले औषधही चालू आहे. खोलीचे दार उघडे असते. नमाजच्या सफी मी स्वतः झाडतो; ते काम मला आधीही करता आले असते. संध्याकाळी ती भिंतीच्या कडेने, मिशांनी चाचपत वजूखान्यापर्यंत येते. माझा आवाज ओळखते आणि पायाशी अंग घासते. तिला तक्रार करता येत नाही. पण अन्सारींच्या बागेतील उपाशी उंटाची व्यथा ज्या प्रेषितांनी (स.) ओळखली, त्यांचे आपण अनुयायी आहोत.

वाचकहो, आपल्या दारी मांजर, कुत्रा वा पोपट असेल तर आज एवढेच करा: त्याला काय देतो, हे जाणत्या माणसाला सांगा आणि ते योग्य आहे का, हे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. अल्लाह आपल्याला दयेसोबत ज्ञान देवो आणि ज्या मुक्या जिवांचे हक्क आपल्याकडून अजाणता बुडाले, त्यांच्याबाबत आपल्याला क्षमा करो. आमीन.