न पाहता केलेली सही

सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीला 24 मे 2019 रोजी आग लागली. तीत 22 जणांचा अंत झाला. त्यांतील बहुतेक शिकवणीस आलेली मुलेमुली होती. विजेच्या बिघाडातून आग पेटल्याचे सांगण्यात आले. पुढे अग्निशमन दलाच्या व महापालिकेच्या काही अधिकाऱ्यांना अटकही झाली. ती इमारत कोणाचे राहते घर नव्हते. तरी तिने विचारलेला प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्याशी येतो. वरवरच्या तपासणीचा दोष कोणाच्या माथी?

याच शहरात उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. घरच्या विजेची तपासणी कशी उरकली जाते हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. तपासनीस येतो, मेन स्विचकडे नजर टाकतो, चहा घेतो आणि 'सर्व ठीक' लिहून सही करतो. खरी तपासणी अशी दहा मिनिटांत होत नाही. प्लगच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे काय, हे पाहावे लागते. तारांवरील आवरण शाबूत आहे की नाही, हे मेगर लावून मोजावे लागते. गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच वेळेवर पडतो काय, याची परीक्षा घ्यावी लागते.

कोणी म्हणेल, "जाऊ द्या, बिचाऱ्याच्या पोटावर पाय कशाला?" ही दया वरकरणी गोड वाटते. परंतु ओल्या हाताने पाण्याच्या मोटारीचे बटण दाबणाऱ्या लेकरावर दया कोणी करावी? कागद नसता तर आपण निदान जपून वागलो असतो. खोटा कागद आपली सावधगिरीच झोपवतो. म्हणून तो नसण्यापेक्षा असणे अधिक घातक.

नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा नियम मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद 22:8). ही आज्ञा गवंड्याला नसून घर बांधणाऱ्या धन्याला आहे, हे ध्यानात घ्यावे. गवंडी चुकला म्हणून धनी सुटत नाही. तपासणी झाली नाही हे ठाऊक असून जो तो कागद कपाटात जपून ठेवतो, तो त्या खोट्या साक्षीचा भागीदार होतो. खोली भाड्याने देणाऱ्यावर तर हा भार दुप्पट आहे, कारण धोका दुसऱ्याच्या मुलांना असतो.

मग करावे काय? भांडू नये, पण गप्पही बसू नये. तपासनीसाला पुन्हा बोलवावे. कोणते प्लग पाहिले, कोणत्या यंत्राने मोजले, आकडा किती आला, हे नम्रपणे विचारून लिहून मागावे. त्याने टाळले तर लेखी तक्रार करावी आणि परवानाधारक दुसऱ्या वायरमनकडून तपासून घ्यावे. दोन पैसे जातील, थोडा संकोच वाटेल, एखादा माणूस नाराजही होईल.

शब्बाथशाळेत आपण मुलांना खोटी साक्ष देऊ नका असे शिकवतो. साक्ष केवळ जिभेने दिली जात नाही, ती सहीनेही दिली जाते, हेही त्यांना शिकवू या.