काच आणि अमानत

तोफखान्याचे स्कूल असलेली आमची देवळाली कॅम्प ही लष्करी छावणी. इथे भिंतीवर तुघऱ्याशेजारी एखाद्याच्या आजोबांनी पलटणीतून पाठवलेले उर्दू खतही चौकटीत दिसते. त्या खतावर आपला हक्क किती?

कागद काचेला टेकला तर पावसाळी दमटपणात चिकटतो आणि सोडवताना शाई घेऊन येतो. म्हणून जाणता कारागीर मध्ये माउंट घालून अंतर राखतो, पुठ्ठा आम्लविरहित घेतो. तो कागदाच्या कडा कापत नाही, चिकटपट्टी लावत नाही. खळीने लावलेल्या बारीक कागदी पट्ट्यांवर खत तोलतो, कारण त्या ओलाव्याने पुन्हा सुटतात. केलेले उलगडता यावे, हा त्याचा नियम. अमानतीचा नियमही हाच आहे: सोपवलेली वस्तू आपली समजून बदलायची नसते.

पण खत पाठपोट लिहिलेले असते आणि चौकट एकच बाजू दाखवते. उर्दू न शिकलेल्या नातवंडांना तीही नक्षीच वाटते. आजोबांनी तर खुशाली कळवली होती! म्हणून चौकटीआधी खत घरात मोठ्याने वाचावे, त्याची उर्दू नक्कल आणि मराठी तर्जुमा चौकटीच्या पाठीवर पाकिटात ठेवावा. कागद वाचला आणि मजकूर हरवला, तर अमानत अर्धीच पोहोचली.