शिकलेले हात कुणाचे?

भोर-वेल्ह्याच्या मावळात भात झोडून झाले की तरुण पोरे पुण्याची वाट धरतात. त्यांना एखादा धंदा शिकवावा, तर ती आणखी लवकर जायची! मग शिकवावे तरी कशाला?

अशा वेळी मला डॉ. श्रीनाथ कलबाग आठवतात. १९८३ साली त्यांनी याच जिल्ह्यात, पाबळला, विज्ञान आश्रम काढला. तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम शिकता शिकता गावाची कामे करीत आणि गाव त्याचे दाम मोजी. दान नव्हे, दाम! आपल्या हातांची गावाला गरज आहे, हे कळले की राहावेसे वाटते.

तरीही कुणी गेला, तर जाऊ द्यावा. शिकवणाऱ्याने एवढेच पाहावे, की त्याचे जाणे नाइलाजाचे नसावे.