बोटाचे अंतर

इंग्रजीची दर्शक सर्वनामे मोजून चार: धिस, धॅट, धीज आणि धोज. जवळचे एक ते धिस, अनेक ते धीज; दूरचे एक ते धॅट, अनेक ते धोज. गुरुजी टेबलावरच्या पुस्तकाकडे आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट दाखवून हा धडा पाच मिनिटांत संपवतात. पण तेच बोट माणसाकडे वळले, की व्याकरणात नीतीचा प्रश्न शिरतो, असे मला वाटते.

‘धिस इज माय ब्रदर’ असे साहेब खुशाल म्हणतो. ही मुभा ओळख करून देण्यापुरती. पुढे त्या भावाविषयी बोलताना नुसते ‘धिस’ म्हटले, तर माणसाची वस्तू केल्यासारखे होते. आपल्याकडे मात्र अर्धा संसार दर्शक सर्वनामावर चालत आला. ‘हे अजून आले नाहीत’ म्हटले, की कोण ते घरात सर्वांना कळते. ‘हे’ दूर कचेरीत असले तरी ‘हे’च! याचे इंग्रजीत ‘धीज’ करून पाहा. साहेब दाराकडे बघत किती जण यायचे आहेत ते विचारील.

म्हणजे हे अंतर फूटपट्टीने मोजायचे नव्हेच. टेलिफोनवर अनोळखी आवाज आला, तर इंग्रज ‘हू इज धॅट?’ विचारतो आणि अमेरिकन ‘हू इज धिस?’. आवाज तोच, एकाने तो दूर ठेवला, दुसऱ्याने जवळ घेतला.

मग माणसांना जवळ-दूर कोण ठरवतो? बोलणाराच. इंग्रजीत ‘धोज पीपल’, मराठीत ‘ते लोक’. भिंतीला भिंत लागून बिऱ्हाड असले, तरी ‘त्या लोकांचं काही सांगू नका’ म्हणताच मध्ये नदी वाहू लागते. गंमत अशी, की मराठीत ‘ते आले’ म्हटले तर एकटा माणूसही आदराने मोठा होतो. पण त्याच ‘ते’ला ‘लोक’ चिकटले, की त्यांतल्या एकेकाचे नाव, चेहरा, सुखदुःख सारे पुसले जाते.

दूरच्याला दूर म्हणण्यात पाप नाही. प्रश्न इतकाच, की ते अंतर आधीपासून होते, की आपल्या शब्दाने पाडले? यंदा फराळाचे ताट ‘त्या लोकांकडे’ मुलाच्या हाती धाडण्याऐवजी आपणच घेऊन जावे. दारात उभे राहून ‘ते’ म्हणता येत नाही. तिथे ‘तुम्ही’ म्हणावे लागते, आणि परतल्यावर घरात सांगताना ‘हे आपले शेजारी’ असे शब्द आपोआप तोंडी येतात.