श्वासाचा तमाशा

नायगावच्या माणसाला समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन तारकर्लीला गेलो, तेव्हा मुलांइतकाच मीही हरखून गेलो होतो.

पहिल्या दिवशी लाटांत मनसोक्त डुंबलो. दुसऱ्या सकाळी देवबागहून होडीतून डॉल्फिन पाहायला निघालो. करड्या पाठी वर आल्या आणि चार-पाच होड्या तिकडे धावल्या. आमचा नावाडी जरा लांब थांबू पाहत होता. मीच म्हणालो, "भाऊ, अजून जवळ घ्या की, पैसे मोजलेत!" ते बुडाले, दूर वर आले, आम्ही पुन्हा मागे. प्रत्येक उसळीला टाळ्या.

परतताना धाकटी म्हणाली, "बाबा, ते श्वास घ्यायला वर येत होते ना? तुम्हीच शिकवलंय."

खरेच. डॉल्फिन मासा नव्हे, त्याला फुप्फुसे असतात, हे मी कितीदा फळ्यावर लिहिले असेल! 1972 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, हेही ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि उमगणे निराळे. पैसे मी नावाड्याला दिले. ज्याचा श्वास अडवला, त्याच्याशी सौदा कोणी केला होता?

लहानपणी एकदा विहिरीत भोपळ्याची दोरी सुटली होती. धडपडत वर येऊन घेतलेला तो पहिला श्वास अजून आठवतो. त्या क्षणी काठावर कोणी टाळ्या वाजवीत उभे असते तर?