शिवाशिवीचा खेळ



आपल्या वस्तीचं मंडळ यंदा भीमजयंतीच्या स्पर्धेवरून फुटता फुटता राहिलं. एक गट म्हणाला कबड्डी, दुसरा म्हणाला क्रिकेट. वर्गणी तेवढीच, मंडप तोच, पण तोंडं दोन दिशांना. कबड्डीवाले म्हणाले, हा खेळ या मातीचा, बॅट नको, पॅड नको, सात पोरं नि फक्की असली की झालं. क्रिकेट साहेबानं आणलं, जिमखान्यांनी उचललं. क्रिकेटवाले म्हणाले, कबड्डी मातीची खरी, पण कुणाच्या मातीची? देवळासमोरच्या पटांगणाची ना? तिथं आपल्याला कोण उभं करत होतं? मग दोन्हीकडून बाबासाहेबांचं नाव निघालं. असं झालं की वाद संपत नाही, नुसता आवाज वाढतो. मी गप्प बसलो होतो. आता लिहितो.

आधी माझं सांगतो. मी रेवदंडा-मुरूडच्या पट्ट्यातला. गावाचं नाव सांगत नाही, असली गावं ढीगभर आहेत. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. आम्ही हुतूतूच म्हणायचो. भात कापून झालं की देवळापुढं फक्कीनं रेघा मारायचे, रात्री गॅसबत्त्या लावून सामने. आम्ही बांधापलीकडं उभे. एका वर्षी गावच्या संघातला एक गडी पाय मुरगळून बसला. कुणीतरी बोट केलं, "ए, तू ये." मी गेलो. दम लावून चढाई केली आणि तिघांना शिवून मध्यरेषेवर आलो. तिघं बाद. शिट्टी वाजली, लोक ओरडले, माझंच नाव घेऊन ओरडले.

विचार करा, अख्खा खेळच शिवाशिवीचा. शिवला की समोरचा मैदानाबाहेर. गावात मी शिवलो तर बाटायचे, रेघेच्या आत शिवलो तर नुसते बाद व्हायचे. अंगाला अंग घासलं, एकाची माती दुसऱ्याला लागली, कुणी आंघोळीला पळालं नाही. मला वाटलं, जिंकलो. सामना सुटला, सगळे हंड्याकडं धावले. मीही धावलो. एकानं तांब्या उचलून धरला नि म्हणाला, ओंजळ कर. वरून पाणी सोडलं. ज्याच्या कमरेला मी घटकाभरापूर्वी मिठी मारली होती, तोच तो.

आता क्रिकेटवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. पळवणकर बाळू आठवा. चांभाराचा पोरगा, जन्म १८७६ चा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करायचा नि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. बॅट हाती मिळायची नाही. डावखुरा फिरकी गोलंदाज असा तयार झाला की गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतला. चेंडू त्याच्या हातून सुटायचा, सगळ्यांच्या हातांत फिरायचा. चेंडू बाटत नव्हता! पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचं कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. धाकटा भाऊ विठ्ठल याला ते मिळालं १९२३ ला, तेही भांडणतंट्यानंतर. पुढं १९३७ ला बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. आपल्यातले काही जण म्हणून त्यांचं नावच घेत नाहीत. मला ते पटत नाही. निवडणूक चुकली म्हणून ते मातीचं भांडं खोटं ठरत नाही.

म्हणजे देशी खेळात ओंजळ, परदेशी खेळात मातीचं भांडं. मग भांडायचं कशावरून?

सभेत जहाजावर नोकरी केलेल्या एका पोरानं आयर्लंडचा दाखला दिला. दाखला चांगला आहे, पण त्यानं अर्धाच दिला. तिथं १८८४ ला गेलिक खेळांची संस्था निघाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आपले. रग्बी, क्रिकेट राज्यकर्त्यांचे. परके खेळ जो खेळेल किंवा बघायला जाईल त्याला संस्थेत जागा नाही, असा नियम १९७१ पर्यंत चालला. त्यांची चीड समजते. १९२० च्या २१ नोव्हेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्कात सामना चालू असताना इंग्रजांच्या पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, चौदा माणसं मेली. मैदानात रक्त सांडलं की खेळ नुसता खेळ उरत नाही. पण पोरानं पुढचं सांगितलं नाही. आयरिश भाषेसाठी जन्म घालवलेला डग्लस हाइड १९३८ ला देशाचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष या नात्यानं एक साधा फुटबॉलचा सामना बघायला गेला, तर संस्थेनं त्याचं आश्रयदातेपद काढून घेतलं. 'आपलं' जपायला बांधलेली रेघ आपल्याच माणसाच्या गळ्याला लागली. शेवटी २००७ ला त्याच क्रोक पार्कात आयर्लंड-इंग्लंड रग्बी सामना झाला, इंग्रजांचं राष्ट्रगीत वाजलं, लोक शांत उभे राहिले. आयर्लंडनं इंग्लंडला ४३-१३ नं धुतलं, हा भाग वेगळा.

आयरिश माणूस 'आमचा खेळ' म्हणतो तेव्हा 'आम्ही' कोण हे त्याला ठाऊक असतं. आपण 'मातीचा खेळ' म्हणतो तेव्हा त्या मातीचा सातबारा कुणाच्या नावावर असतो? आणि कबड्डी काही आभाळातून पडली नाही. १९१८ च्या सुमारास माणसांनी बसून तिचे नियम बांधले, १९५० ला अखिल भारतीय महासंघ झाला, २०१४ पासून तिचाही लिलाव होतो नि ती मॅटवर खेळतात. क्रिकेटचा बाजार २००८ च्या आयपीएलपासून बघतोच आहोत. दोघींची चाल एकच.

तरी रेघेआतली ती घटका फुकट होती असं मी म्हणणार नाही. सभेत एक जण म्हणाला, ती फसवणूक होती. अर्धी होती. पण त्या रात्री मला कळलं की शिवल्यानं काय होतं हे शास्त्र ठरवत नाही, माणसं ठरवतात. फक्की मारली की एक ठरतं, पुसली की दुसरं. ज्याला हे कळलं त्याला मग ओंजळ पुढं करता येत नाही. मी दुसऱ्या वर्षी बोलावूनही गेलो नाही.

महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले. तळं कुणी खोदलं, पाणी कुठलं, हे विचारत बसले नाहीत. सार्वजनिक आहे ना, मग प्यायचं. मैदानाचंही तेच. आपली पोरं आजही पुळणीवर खेळतात, का? कारण ओहोटीनं उघडी पडलेली वाळू कुणाच्या मालकीची नसते. दोन-चार तास मिळतात, मग भरती येते नि रेघा पुसते. कबड्डी तिथं होते, रबरी चेंडूचं क्रिकेटही होतं. पण कुठवर?

ग्रामपंचायतीच्या मैदानासाठी अर्ज मी लिहून ठेवलाय. सकाळी क्रिकेट, रात्री कबड्डी, पाण्याचा पिंप मैदानाच्या मधोमध आणि पेले सगळ्यांना तेच. दोन्ही गटांच्या याद्यांत पोरींचा एकही संघ नाही, हे लिहिताना आत्ता ध्यानात आलं. तेही अर्जात घालतो. रविवारी विहाराजवळ या, सह्या हव्यात.