धुऱ्यावरची झाडं

गडचिरोलीकडच्या एखाद्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला असं कुठं सांगितलं, की समोरच्याचा प्रश्न ठरलेला. नागपूरचा पक्षी बघत हिंडणारा मित्र तेच विचारतो, धानोऱ्याच्या यष्टीत शेजारी बसलेले गुरुजी तेच विचारतात आणि आमच्या गावचे धानकरी भाऊबंदही तेच. "हक्क भेटला, बरं झालं. पन उद्या यायनं जंगल तोडून इकलं तं?"

प्रश्न वाईट नाही. विचारणाऱ्याला जंगलाची काळजी असते, हे मी मानतो. पण तो फक्त एकाच माणसाला विचारला जातो, तिथं मी अडखळतो.

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाला बाबांनी धुऱ्यावरची दोन येनाची झाडं विकली. आजोबांच्याही आधीची झाडं. कागद करायला तालुक्याच्या चार चकरा झाल्या, शिक्का बसला, झाडं पडली. त्या सगळ्या भानगडीत एकाही साहेबानं बाबांना असं पुसलं नाही, की तुम्ही झाडं तोडता, तर हे पाच एकर वावर तुमच्या नावावर ठेवायचं काहून? पुसलं असतं तर बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. आमच्या गावात वावर पडीक ठेवणारे आहेत, दारूपायी गहाण टाकणारे आहेत. त्यांची आम्ही निंदा करतो, पण सातबारा त्यांचाच राहतो. चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणून तो कोणाला मिळालेलाच नसतो.

गोंड माणसाच्या जंगलाला मात्र आपण आधी चारित्र्याचा दाखला मागतो.

बरं, 'तोडणं' हा शब्द तरी आपण कोणासाठी वापरतो? १९७४ साली राज्यात वनविकास महामंडळ आलं. मोह, चार, तेंदू, येन असं मिसळ रान साफ करून तिथं ओळीत सागवान लावायचं, हे त्याचं कित्येक वर्षं चाललेलं काम. त्याला निष्कासन म्हणतात, रोपवन म्हणतात. मोहाची फुलं वेचून उन्हाळा काढणाऱ्या बाईला सागाच्या रांगेत वेचायला काय सापडणार? सागाच्या पानाला ढोरंही तोंड लावत नाहीत. पण तिनं सरपणाची मोळी बांधली की ती तोड.

मेंढा-लेखाची गोष्ट आपल्याकडं बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं त्या कायद्यानं सुरुवातीलाच कबूल केलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला. तरी बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा परवाना हातात पडायला २०११ चा एप्रिल उजाडला, तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. का, तर १९२७ चा कायदा बांबूला झाड म्हणत होता आणि २००६ चा कायदा गौण वनोपज. कागदी कारखान्यांचे ट्रक त्याच जिल्ह्यातून वर्षानुवर्षं बांबू भरून गेले, तेव्हा या वादानं कोणाचा ट्रक अडल्याचं मी ऐकलं नाही.

इथवर बोलणं सोपं आहे. पुढचं मला अवघड जातं. कारण जंगल म्हणजे बाबांचं वावर नव्हे. दोन येनाची झाडं गेली तर आमची सावली गेली. डोंगरावरचं रान गेलं तर खालच्या तलावात गाळ येतो, आणि त्या तलावावर आमचे धान आहेत. म्हणजे प्रश्न विचारायचा थोडा हक्क मलाही आहे. कायद्यानंही ग्रामसभेवर जंगल, पाणी आणि जनावरं राखायची जबाबदारी टाकलीच आहे. ती पाळली नाही तर मी भांडायला जाईन. पण भांडायला जाणं वेगळं आणि घर कोणाच्या नावावर ठेवायचं हे ठरवायला जाणं वेगळं. शेजाऱ्याच्या सांडपाण्यावरून मी दहा वेळा भांडलो आहे. त्याच्या घरावर नाव कोणाचं, हे मी कधी काढलं नाही.

कुरखेड्याकडच्या एका गावात मी ग्रामसभेला बसलो होतो. ठेकेदाराच्या मजुरांनी त्या वर्षी कोवळा बांबूही तोडला होता. बेटं उघडी पडली होती. पैसा आला होता, काहींच्या दारात नवी फटफटी उभी होती. तोडीचं समर्थन करणारेही होते: "पोराच्या कॉलेजची फी कोन देते?" ते खोटं नव्हतं. मग मागं बसलेली एक म्हातारी उठली. गोंडीत बोलत होती, शेजारच्या पोरानं मला सांगितलं. ती म्हणत होती, नाल्याच्या वरच्या अंगाला तीन वर्षं कोणी कोयता न्यायचा नाही, आणि औंदा वास्तेही काढायचे नाहीत. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. पावसाळ्यात तीच भाजी घराघरात शिजते. गलका झाला. तिचा स्वतःचा नातूच सगळ्यांत जोरात बोलत होता.

रात्री साडेअकरापर्यंत ठराव झाला नाही. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय लिहायचं नाही, अशी तिथली रीत. अध्यक्षानं वही मिटली, पुन्हा गुरुवारी बसू म्हणाला, आणि लोक बॅटऱ्या पेटवून भांडत भांडतच घराकडं निघाले.